इम्पल्स सकाळी किकला सुरू होत नाही पण धक्का मारला की लगेच होते, नक्की काय बघू?

घाटमाथा_१५०:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ ची हिरो इम्पल्स आहे, सेकंडहँड घेतली त्याला दीड वर्ष झालं, मीटरवर ४१ हजार किमी दिसतात. मी साताऱ्यात राहतो आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सचं काम करतो, म्हणजे रोज सकाळी सज्जनगड, ठोसेघर करत वर जायचं आणि मग दिवसभर डांबर सोडून टॉवरला जाणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यांवर इकडून तिकडे. दुसरी कुठलीही गाडी तिथे वर्षभरात खिळखिळी होते, ही अजून तशीच उभी आहे म्हणून जीव आहे तिच्यावर.

तर प्रॉब्लेम असा की गेल्या तीन आठवड्यांपासून सकाळी सुरूच होत नाही. पहाटे साडेपाचला अंगणात थंडी असते, मी चोक ओढतो, किक मारतो, पंचवीस तीस किक होतात, घाम फुटतो आणि गाडी नुसती फुस्स करते. सेल्फ मारला तर इंजिन छान भरभर फिरतं, अगदी मोकळं, पण पेटत नाही. मग आमच्या घरासमोर उतार आहे तिथे सेकंडला टाकून धक्का मारला की दहा पावलांत सुरू. रोज. एकदा गरम झाली की दिवसभर बऱ्यापैकी चालते, फक्त घाट चढून वर टपरीवर चहाला दहा मिनिटं थांबलो की परत चार पाच किक जास्त लागतात आणि आयडलला मधेच सायलेन्सरमधून पट पट आवाज येतो.

आतापर्यंत केलेलं: नवीन प्लग टाकला. कार्ब (कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा उघडून साफ केला, एकदा गॅरेजला आणि एकदा मी स्वतः, जेट (त्यातल्या पेट्रोलच्या बारीक भोकाच्या नळ्या) उजेडाला धरून बघितले, आरपार दिसतात. बॅटरी चार्ज केली, सकाळी १२.६ व्होल्ट दाखवते. टाकीतलं पेट्रोल काढून नवीन भरलं. एअर फिल्टर धुतला. दिवाळीला फुल सर्व्हिसिंग झालंय, तेव्हा टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूचा) आवाज येत होता तोही त्यांनी बंद करून दिला, गाडी एकदम गप्प झाली होती, मला तर नवीन गाडी मिळाल्यासारखं वाटलं.

आता गॅरेजवाले म्हणतात कार्बोरेटरच बदलावा लागेल, सहा सात हजार सांगतायत आणि पार्ट मिळायलाही वेळ लागेल. पैसे घालायला ना नाही पण बदलून परत तेच झालं तर काय करू? साडेसहाला मला वर हजर व्हावं लागतं. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा प्लीज.

चिखलवाट:

दादा मी कणकवलीचा, माझी पण इम्पल्सच आहे. माझं मत सरळ आहे, पेट्रोल. २०२५ पासून पंपावर जवळपास सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) च मिळतं आणि आपल्या गाड्या त्या काळातल्या नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी ठराविक प्रमाणापेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसतं, टाकीतून कार्बला जाणारी नळी तळातूनच येते म्हणजे पहिल्यांदा तेच कार्बमध्ये उतरणार. मी गेल्या पावसाळ्यात गाडी तीन महिने पडवीत उभी केली होती, ऑक्टोबरमध्ये फ्लोट चेंबरचा (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू ढिला करून काचेच्या ग्लासात काढलं तर खाली वेगळा थर, वर पेट्रोल, डोळ्याने स्पष्ट दिसत होता. जेटच्या भोकाला पांढरट हिरवट पापुद्रा. स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारा) तर एवढा बारीक असतो की नुसत्या हवेने साफ झाला असं वाटतं पण होत नाही, कार्ब क्लीनर मारून रात्रभर भिजत ठेवावा लागतो. तारेने अजिबात खरवडू नका, भोक मोठं झालं की मायलेज गेलं.

माझा सल्ला, कार्ब परत एकदा उघडा आणि स्लो जेट नवीनच घ्या, तो स्वस्त असतो, पूर्ण कार्ब बदलायची गरज नाही.

इगतपुरी_ट्रेल्स:

थांबा, काही बदलण्याआधी एक दोन गोष्टी सांगा ना. मी नाशिकची, आम्ही चारपाच जणी वीकेंडला इगतपुरी, भंडारदऱ्याच्या बाजूला ट्रेल करतो आणि ग्रुपमध्ये कुणाची ना कुणाची गाडी रुसलेली असतेच, त्यामुळे हे प्रश्न माझे पाठ झालेत.

एक म्हणजे पंचवीस किक मारून झाल्यावर लगेच प्लग काढून बघितलाय का? ओला आहे की कोरडा? कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, मग कणकवलीच्या दादांचं बरोबर, जेट, फ्लोट, पेट्रोल कॉक तिकडे बघायचं. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाहीये, मग कार्ब तिसऱ्यांदा उघडून काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे स्पार्क. प्लग कॅपला लावून प्लगचं मेटल इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा, पण प्लगच्या भोकापासून लांब धरा कारण आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि पेट घेऊ शकते, आमच्या एकीचा हात थोडक्यात वाचलाय. निळा आणि टक्क आवाज करणारा स्पार्क हवा, पिवळा लालसर असेल तर कॉइल, प्लग कॅप बघा.

तिसरं, चोक दिल्याने काही फरक पडतो का? चोक दिल्यावरच चालते आणि चोक काढला की बंद पडते असं असेल तर स्लो जेट बुजलेला आहे असं जवळजवळ धरून चाला. आणि प्लग ओला निघाला तर चोक बंद करा, इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ दहा किक मारा म्हणजे आत साठलेलं पेट्रोल निघून जाईल, मग कोरडा प्लग लावून ट्राय करा.

एवढं बघून सांगा, मग पुढे बोलू.

घाटमाथा_१५०:

ताई तुम्ही सांगितलं तसं आज पहाटे सगळं केलं. प्लग ओला, चक्क थेंब होता टोकाला, पेट्रोलचा वास. स्पार्क निळा आहे, अंधारात मस्त दिसला. चोक देऊन आणि न देऊन काही फरक नाही. ॲक्सिलरेटर पिळून दहा किक मारल्या, प्लग पुसून कोरडा करून लावला, परत वीस किक, एकदा फुटल्यासारखा आवाज आला आणि बस. शेवटी धक्का. धक्क्याला परत दहा पावलांत सुरू.

म्हणजे पेट्रोल आहे, स्पार्क आहे, तरी पेटत नाही. मला तर काही सुचेना झालंय.

उद्यमनगर_काका:

राम राम. कोल्हापुरातून लिहितोय, शिवाजी उद्यमनगरात बत्तीस वर्षं हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि बोअरचं (सिलिंडरचं) काम केलं, आता दुकान पोरगा बघतो.

लेका तुझं उत्तर तुझ्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे बघ. तू लिहिलंस सेल्फ मारला की इंजिन भरभर फिरतं, अगदी मोकळं. गाडी चांगली असली की किक मारताना मधे एक दम लागतो, पाय अडतो, तिथे जोर लावून खाली न्यावा लागतो. तो दम म्हणजे कॉम्प्रेशन. सेल्फला पण तसंच, कॉम्प्रेशनच्या ठिकाणी तो जरा अडखळतो, घुर्र घुर्र असा ताल असतो. तुझा ताल गेलाय. एकसारखं फिरतंय म्हणजे आत दाबच तयार होत नाही.

आणि दुसरं तू लिहिलंस दिवाळीला टॅपेटचा आवाज बंद करून दिला, गाडी गप्प झाली. हे वाचून मी कपाळाला हात लावला. तुला बोलत नाही रे, गिऱ्हाईकाला आवाज नको असतो आणि कारागीर गाडी गरम असतानाच स्क्रू आवळून देतो, पाच मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. पण टॅपेटला थोडी फट लागतेच. वॉल (व्हॉल्व्ह) गरम झाला की लांब होतो, त्याला जागा ठेवावी लागते. फट शून्य झाली की रॉकर (वॉल दाबणारा दांडा) वॉलला दाबूनच धरतो आणि वॉल सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. केसाएवढी फट राहिली तरी तिथून दाब निघून जातो. वर एक्झॉस्ट वॉलची उष्णता सीटमधूनच हेडला जाते, वॉल टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे, कडेने जळायला लागतो. बारीक टिक टिक आवाज हा असल्या इंजिनाला असायलाच पाहिजे. मी दुकानात बसायचो तेव्हा गाडी गप्प आली की मला जास्त काळजी वाटायची.

आता धक्क्याला का सुरू होते ते सांगतो. किकला इंजिन हळू फिरतं, वॉल गळका असेल तर पिस्टन वर येईपर्यंत निम्मा दाब पळालेला असतो. धक्क्याला सेकंडमध्ये टाकून सोडलंस की इंजिन कितीतरी जोरात फिरतं, दाबाला पळायला वेळच मिळत नाही, पेटतं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यात दाब कमी म्हणजे मिश्रण तापत पण नाही, म्हणून सकाळीच जास्त त्रास. आयडलला पट पट येतंय तेही एक्झॉस्ट वॉल नीट बसत नसल्याचंच लक्षण असणार.

कार्बला हात लावू नको. पहिला टॅपेट बघ. तू पवनचक्कीवर काम करतोस म्हणजे फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात धरायची सवय असणार.

गाडी रात्रभर थंड होऊ दे, अगदी गार, हाताला गार लागली पाहिजे. प्लग काढ म्हणजे इंजिन हाताने फिरवायला सोपं जातं. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात, मधलं मोठं आणि वरचं छोटं. मोठ्या झाकणातून सॉकेट घालून घड्याळाच्या उलट फिरवायचं, छोट्या खिडकीतून मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) दिसेल ती कव्हरवरच्या खाचेला जुळव. आता वरची टॅपेटची झाकणं उघडून दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघ. दोन्ही जरा हलले पाहिजेत. एक पण कडक असेल तर कदाचित चुकीच्या फेरीवर आहेस, अजून एक पूर्ण फेरा मारून परत टीला आण आणि परत हलवून बघ. दोन्ही फेऱ्यांना हलत नसेल तर समजून जा टॅपेट टाइट आहे.

किती फट ठेवायची ते मॅन्युअलमधून घे, ऐकीव आकड्यावर जाऊ नको, इनटेकची वेगळी आणि एक्झॉस्टची वेगळी असते, एक्झॉस्टची जास्त. पट्टी फटीत घातली की ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी हलकी अडली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत मोजायचं, बरेच जण इथेच चुकतात.

मेलबर्नकर:

काकांनी जे लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मी मूळचा सांगलीचा, आता अकरा वर्षं मेलबर्नला, इथे शनिवारी रविवारी मोटोक्रॉस बाइक घेऊन जंगलात जातो. माझ्या गाडीला स्क्रूवाले टॅपेट नाहीत, शिम असतात, म्हणजे छोट्या नाण्यासारख्या चकत्या, कॅमशाफ्ट काढून त्या बदलायच्या, साधारण ०.०५ मिमीच्या टप्प्याने मिळतात. काम वेगळं पण रोग अगदी तोच, इथल्या क्लबमध्ये कुणी म्हटलं फोर स्ट्रोक सुरू होत नाही, की दुसरा विचारतो व्हॉल्व्ह कधी मोजलेस. आणि तोपर्यंत बिचाऱ्याने नवीन प्लग, नवीन कॉइल, नवीन बॅटरी असं सगळं करून झालेलं असतं.

मला एक गोष्ट मात्र विचारायची आहे, कारण काकांनी आवळून दिलेल्या टॅपेटबद्दल सांगितलं पण माझ्या मनात दुसरीही शंका आहे. तू लिहिलंस एअर फिल्टर धुतला. कंपनीचा कागदी फिल्टर धुवायचा नसतो. तुझा फिल्टर फोमचा आहे का? आणि फोमचा असेल तर धुतल्यावर त्याला तेल लावतोस का?

हे विचारतोय कारण फोम कोरडा असेल तर तो फिल्टर नाहीच, चाळण आहे. मोठे खडे अडतात, बारीक धूळ सरळ आत जाते. फोमला चिकट तेल लागतं त्यालाच धूळ चिकटते. लाल मातीची धूळ तर पिठासारखी बारीक असते, ती इनटेक व्हॉल्व्हच्या कडेवर आणि सीटवर घासली जाते, व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा थोडा खोल बसत जातो, आणि खोल बसला की वरची दांडी तेवढी वर येते म्हणजे फट आपोआप कमी होते. कुणी आवळलं नाही तरी टाइट होते. म्हणून टॅपेट उघडशील तेव्हा फक्त सेट करून बंद करू नको, आधी किती होते ते दोन्हीचं लिहून ठेव. एक्झॉस्टच टाइट असेल तर गोष्ट वेगळी, इनटेकही टाइट असेल तर धूळ आत गेलीय का ते बघावं लागेल.

जमलं तर कॉम्प्रेशन गेज कुणाकडून तरी आण. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजायचं, बंद ठेवलास तर आत हवाच जात नाही आणि आकडा खोटा कमी येतो. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज. आकडा चांगला वर गेला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, कारण तेलाने रिंगची फट भरते. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

चिखलवाट:

काका, मी पेट्रोलवर अडून बसलो होतो पण प्लग ओला आलाय म्हटल्यावर माझं म्हणणं मागे घेतो. फक्त एक, घाटमाथा दादा, गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तेव्हा कार्ब रिकामा करत जा, ते मात्र खरंच आहे.

आणि मेलबर्नकर, फिल्टरला तेल लावायचं हे मला आज कळलं. माझाही फोमचाच आहे आणि मी गेली दोन वर्षं धुवून वाळवून तसाच बसवतोय. कुठलं तेल लावायचं?

मेलबर्नकर:

फोम फिल्टरचं वेगळं तेल मिळतं ते सगळ्यात चांगलं, ते चिकट असतं आणि खाली ओघळत नाही. भारतात ऑनलाइन मिळतं. फोम केरोसीनमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पेट्रोलमध्ये नको, पेट्रोलने फोमचा गोंद सुटतो आणि आग लागायची भीती वेगळीच. पिळताना कपडे पिळतात तसं पिळू नका, शिवण फाटते, नुसतं मुठीत दाबा. पूर्ण वाळल्यावर तेल टाकून मळा, सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे, जास्तीचं दाबून काढा. फिल्टर जिथे बॉक्सवर टेकतो त्या कडेला ग्रीस लावा. आणि बॉक्सपासून कार्बला येणाऱ्या रबरचा क्लॅम्प घट्ट आहे का बघा, तो ढिला असेल तर फिल्टर कितीही चांगला असला तरी धूळ बाजूने आत जाते.

घाटमाथा_१५०:

उशिरा लिहितोय, रविवारशिवाय वेळ मिळाला नाही. आता जरा सविस्तर सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

शनिवारी रात्री गाडी व्हरांड्यात लावली, सकाळी सहाला उघडायला बसलो. आधी कॉम्प्रेशन मोजलं, कामावरच्या एका मित्राने गेज दिला होता. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून सेल्फ मारला, काटा ९० पीएसआयच्या वर जाईना. चमचाभर तेल टाकून परत मोजलं, ९५. म्हणजे रिंग नाहीत, व्हॉल्व्ह.

मग काकांनी सांगितलं तसं दोन्ही झाकणं काढली. मधलं मोठं झाकण एवढं घट्ट बसलं होतं की खाचेत नाणं लावून हातोडीने हलकं ठोकावं लागलं. टी खूण सापडायलाच मला पंधरा मिनिटं लागली, टॉर्च धरायला बायकोला बोलावलं. खूण जुळवली, रॉकर हलवले, एक्झॉस्टवाला हलेना. अजून एक फेरा मारला, परत टीला आणलं, इनटेक अगदी किंचित हलला, एक्झॉस्ट मात्र दगडासारखा. ०.०५ ची पातळ पट्टी एक्झॉस्टला टोकही घालू देत नव्हती. इनटेकला तीच पट्टी कशीबशी गेली.

मी टॉवरवर रोज बोल्टचा टॉर्क मोजतो, शंभर ठिकाणी सही करतो, आणि माझ्या स्वतःच्या गाडीत फट शून्य होती आणि मी ती गप्प झाली म्हणून खूश होतो. काका, तुमचं ते वाक्य डोक्यात बसलंय.

मॅन्युअलमधल्या आकड्यावर दोन्ही सेट केले. पहिल्यांदा लॉकनट आवळला तेव्हा खरंच स्क्रू फिरला, परत मोजलं तर परत कमी, तिसऱ्यांदा जमलं. स्क्रूड्रायव्हरने स्क्रू पकडून ठेवायचा आणि रिंग पान्याने नट आवळायचा, दोन्ही हात एकाच वेळी, ती लय बसायला वेळ लागतो. लगेच कॉम्प्रेशन मोजलं, १३०. प्लग लावला, चोक ओढला, किकवर उभा राहिलो आणि पायाला तो दम लागला. काय सांगू, दीड महिन्यांनी तो दम लागला. तिसऱ्या किकला सुरू. टॅपेट टिक टिक करतायत आणि मला तो आवाज ऐकायला बरं वाटतंय.

आता मेलबर्नकर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फिल्टर फोमचाच आहे, आधीच्या मालकाने बसवलेला, आणि मी दर महिन्याला सर्फने धुवून उन्हात वाळवून कोरडाच बसवत होतो. तेलाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. फिल्टर काढून रबर पाईपच्या आत बोट फिरवलं तर बोटाला लाल. फिल्टरच्या आतल्या बाजूला, जिथे स्वच्छ हवा असायला पाहिजे तिथे, चाळकेवाडीची माती. बघून पोटात गोळाच आला.

इगतपुरी_ट्रेल्स:

वा, तिसऱ्या किकला! खूप बरं वाटलं वाचून. पण लाल बोट वाचून काळजी वाटली. तेल लगेच बदला हं, इंजिन ऑइल, धूळ आत गेली असेल तर काही ना काही ऑइलमध्येही उतरली असणार. आणि जुनं ऑइल काढाल तेव्हा ते पांढऱ्या कपड्यावर बोटाने चोळून बघा, खरखर लागते का.

उद्यमनगर_काका:

शाब्बास. पण लेका ९० चं १३० झालं म्हणजे रोग बरा झाला असं नाही. एक्झॉस्ट वॉल दोन अडीच महिने टेकलाच नव्हता, त्याची कड जळाली असायची शक्यता आहे, आणि इनटेक धुळीने खाल्ला असणार. आता काय करायचं, ३०० किमी चालव आणि परत गार इंजिनवर दोन्ही फटी मोज. जागच्या जागी असतील तर नशीब. इनटेकची फट परत कमी झाली असेल तर वॉल सीटमध्ये खाली जातोय, मग सेट करत बसण्यात अर्थ नाही, हेड काढावं लागेल. परत परत सेट करून रेटत राहिलास तर एक दिवस स्क्रू संपेल आणि वॉल तुटून पिस्टनवर पडेल, मग सहा हजारात भागणार नाही.

घाटमाथा_१५०:

काका, ३४० किमी झाले. फिल्टरला तेल लावलंय, क्लॅम्प खरंच ढिला होता तो बदलला, ऑइल बदललं, जुन्या ऑइलमध्ये खरखर नव्हती पण रंग काळपट लाल होता. काल परत मोजलं. एक्झॉस्ट जिथे ठेवला होता तिथेच आहे. इनटेक मात्र थोडा कमी झालाय, ठेवलेली पट्टी जाते पण घट्ट, त्याखालची सहज जाते. कॉम्प्रेशन १३० च. सकाळी चार पाच किकला सुरू होते, आज ११ डिग्री होतं तेव्हा सहा लागल्या. धक्का एकदाही मारला नाही.

साताऱ्यात दोन ठिकाणी विचारलं, दोघं म्हणाले वॉल नवीन टाकू आणि पेस्ट लावून घासू, सीट कट करायची गरज नाही. नवीन वॉल जुन्या खाल्लेल्या सीटवर घासून चालतो का? आणि तुमच्या पोराकडे हेड आणलं तर किती दिवस लागतील? मला फेब्रुवारीत चार दिवस सुट्टी आहे.

उद्यमनगर_काका:

नुसती पेस्ट लावून घासली की वरून चकाकी येते, पण सीट रुंद झालेली असेल तर ती रुंदच राहते. सीटची पट्टी बारीक पाहिजे, रुंद झाली की वॉलचा दाब पसरतो, तिथे कार्बन बसतो आणि परत गळायला लागतो. आधी कटर फिरवून सीटचा कोन आणि रुंदी जागेवर आणायची आणि मग हलकं घासायचं. घासून झालं की हेड उलटं करून खोबणीत पेट्रोल ओतायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं, पोर्टमधून एक थेंब पण खाली आला नाही पाहिजे. हे तुझ्यासमोर करून दाखवायला सांग, कुठेही काम केलंस तरी.

वॉल गाइड (वॉलची दांडी ज्यात सरकते ती नळी) पण बघावा लागेल, वॉल बाहेर काढून अर्धा आत घालून हलवला की किती डुलतो त्यावरून कळतं. गाइड ढिला असेल तर सीट कितीही चांगली केली तरी वॉल वाकडाच बसणार. दोन्ही वॉल, स्टेम सील आणि हेड गॅस्केट तू आधी घेऊन ठेव, इम्पल्सचे पार्ट लगेच मिळतीलच असं नाही म्हणून आत्तापासून शोध. हेड खोलताना कॅमची साखळी तारेने बांधून ठेव, आत पडली की शोधत बसावं लागतं.

पार्ट हातात असतील तर आमच्याकडे एक दिवस. सकाळी नऊच्या आत ये, संध्याकाळी हेड घेऊन जाशील. हेड जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून आण, गॅस्केटच्या बाजूला ओरखडा येऊ देऊ नको. आणि येताना तो जुना फिल्टर पण घेऊन ये, मला पोराला दाखवायचाय.